मारुती ८०० ठेवू की अँबॅसेडर आणू? आधी पत्रा बघा

कोथरूडच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: घरी वडिलांनी १९९८ साली नवी घेतलेली मारुती ८०० आहे, आठवड्यातून दोन-तीनदा चालते. सासवडला थोरल्या काकांच्या शेडमध्ये १९७४ ची अँबॅसेडर मार्क टू सहा वर्षं उभी आहे. काका म्हणतात, 'घेऊन जा, नाहीतर भंगारवाल्याला देतो.' सोसायटीत पार्किंग एकच आहे. दोन्हींत मजबूत कोणती, खर्चिक कोणती आणि ठेवावी कोणती?

मी १९९१ पासून दत्तवाडीत गॅरेज चालवतो. त्याआधी पाच वर्षं हेल्पर होतो, तेव्हा हाताखाली रोज अँबॅसेडर आणि पद्मिनी असायच्या. पुढे माझं घर चाललं ते ८०० वर. दोन्ही गाड्यांचं मीठ खाल्लंय, त्यामुळे एकीची बाजू घेऊन दुसरीला नावं ठेवणं मला जमणार नाही. पण उत्तर हवंय तर ते आधीच देतो: कोथरूडच्या पार्किंगमध्ये ८०० च राहू द्या. अँबॅसेडर भंगारात देऊ नका, पण पुण्यातही आणू नका. काकांकडून ती शेडची जागा अजून दोन वर्षं मागून घ्या. शेड मिळत असेल तर गाडी घ्या. नसेल तर जिच्याकडे छप्पर आणि सवड दोन्ही आहे अशा व्यक्तीला ती द्यावी, हे माझं प्रामाणिक मत. आता कारणं सांगतो.

या दोघींचं उत्पादन एकाच वर्षी थांबलं. ८०० जानेवारी २०१४ मध्ये आणि अँबॅसेडर त्याच वर्षी मे महिन्यात. पण जन्मानं त्या दोन वेगळ्या काळातल्या आहेत. अँबॅसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री. ती हिंदुस्तान मोटर्सने कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनवायला घेतली, ते साल १९५७-५८ चं. तुमच्या काकांच्या मार्क टूमध्ये १४८९ सीसीचं चार सिलिंडरचं बी-सीरिज इंजिन असणार. चाल मागच्या चाकांना, पुढे टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी सळई), मागे पाटे (लीफ स्प्रिंग), पंधरा इंची चाकं आणि गिअरची दांडी स्टिअरिंगला. वजन १,१०० किलोच्या घरात. ८०० डिसेंबर १९८३ ला आली आणि तुमची जी आहे तो आकार १९८६ पासूनचा. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चाल पुढच्या चाकांना, बारा इंची चाकं, वजन साधारण ६५० किलो. म्हणजे एका अँबॅसेडरच्या वजनात जवळजवळ पावणेदोन ८०० बसतात. लांबीत जवळजवळ एक मीटरचा फरक आणि रुंदीत एक वीत.

पण खरा फरक या आकड्यांत नाही. ८०० ही भाग बदलून चालवायची गाडी आहे. वॉटर पंप गेला, नवा टाका. स्टिअरिंगचा रॅक वाजायला लागला, नवा टाका. अँबॅसेडर ही भाग दुरुस्त करून चालवायची गाडी. वॉटर पंप खोला, बेअरिंग आणि सील बदला, परत बसवा. किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या पिना) झिजल्या तर बुश ठोकून, रीमर मारून नव्या बसवा. कार्बोरेटर, बॅटरी चार्ज करणारा डायनामो, ब्रेकचे सिलिंडर, सगळं खोलून-जोडून पुन्हा उभं करता येतं. ऐकायला हे फार छान वाटतं, आणि ते खरंही आहे, पण खोलून-जोडणारा हात लागतो. पुण्यात असे मेस्त्री आहेत, मी त्यांतल्या काहींचा शिष्य आहे, पण त्यांची वयं आता सत्तरीच्या पुढची आहेत. माझ्या गॅरेजमधली पंचविशीतली दोन पोरं हुशार आहेत, स्कॅनर लावून गाडीचा आजार दोन मिनिटांत सांगतात. त्यांना फिलर गेजने (फट मोजायच्या पात्याने) स्पार्कचे पॉइंट लावायला मी स्वतः बसून शिकवलं, कारण शिकायला दुसरी जागाच उरलेली नाही.

म्हणून कोणी 'मजबूत कोणती' असं विचारलं की मी इंजिनाबद्दल बोलत नाही. इंजिन दोन्हींचं दुरुस्त होतं. रीबोअर करा, पिस्टन टाका, क्रँक ग्राइंड करा, बारा-पंधरा दिवसांत गाडी पुन्हा उभी. होत नाही तो पत्रा.

चार-पाच वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक अँबॅसेडर घेऊन आलं. बाहेरगावाहून नुकतीच विकत घेतलेली, पांढराशुभ्र रंग, क्रोमचे बंपर चकाकत होते. तक्रार एवढीच की खड्ड्यात मागचा दरवाजा आपोआप उघडतो. मी लोहचुंबक फिरवलं. बॉनेटला पटकन चिकटलं, दरवाजाच्या वरच्या अंगाला चिकटलं, खाली दाराच्या उंबऱ्याशी आलं आणि हातातून निसटून जमिनीवर पडलं. आतला गालिचा उचलून स्क्रू ड्रायव्हर हलकेच दाबला तर तो मुठीपर्यंत आत गेला. लांबीचं (पुट्टीचं) ढेकूळ सुटून आलं आणि त्यामागे वर्तमानपत्राचा बोळा. ओला. कोणीतरी भोक रद्दीने बुजवून वरून लांबी थापली होती आणि घासून रंग मारला होता. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. गाडी त्यानं वडिलांच्या पंचाहत्तरीला भेट द्यायला घेतली होती.

ही गोष्ट सांगायचं कारण असं की अँबॅसेडरला ट्रकसारखी वेगळी चासी आहे, असा पुष्कळ लोकांचा समज असतो. तशी चासी तिला नाही. खालचा फ्लोअर, दोन्ही बाजूंचे उंबरे आणि वरची बॉडी मिळूनच ती गाडी उभी राहते. उंबरा कुजला की मधोमध गाडी वाकते आणि दरवाजे बसेनासे होतात. दरवाजा उघडतो म्हणून कुलूप बदलून उपयोग नसतो. तेव्हा काकांच्या गाडीत आधी हेच बघा: चारही दरवाजे बोटाने ढकलून बंद होतात का आणि दरवाजाच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का. सासवडची हवा पुण्यापेक्षा कोरडी, ही तुमच्या बाजूची गोष्ट. पण शेडची जमीन मातीची असेल तर खालून ओल येतेच. पुढच्या मडगार्डचा दिव्यामागचा भाग, डिक्कीचा तळ आणि टॉर्शन बार जिथे फ्लोअरला धरलेला असतो ती जागा टॉर्च घेऊन, आडवं पडून बघा. ही शेवटची जागा कुजली असेल तर गाडीचा मोह सोडा.

८०० चा पत्रा पातळ, हे सगळ्यांना माहीत आहे. तिची दुखणी ठरलेली आहेत. ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर, बॅटरीखालचा ट्रे, दरवाजांच्या खालच्या कडा, आणि बॉनेट उघडल्यावर दिसणारी पुढच्या शॉकअपची वरची बैठक. या बैठकीला गंज लागून तडा गेला असेल तर ती गाडी रस्त्यावर ठेवू नये. बाकी सगळं डेंटर कापून नवा पत्रा जोडून देतो. पातळ पत्र्याचा एक फायदा आहे तो कोणी सांगत नाही: गंज लागला की लवकर दिसतो. जाड पत्रा आतून वर्षानुवर्षं कुजत राहतो आणि वरचा रंग तसाच असतो. तुमच्या ८०० ला दर पावसाळ्यापूर्वी खालून धुऊन, वाळवून अंडरकोटिंग करत असाल तर ती अजून दहा वर्षं निघेल, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

इंजिनाबद्दल थोडं बोलतो, कारण अँबॅसेडरच्या बाबतीत लोकांचे पैसे नको तिथे जातात. बी-सीरिज इंजिनाच्या मागच्या टोकाला, क्रँक जिथे बाहेर येतो तिथे, आजच्या गाड्यांसारखं रबरी सील नसतं. क्रँकवर आटे कापलेले असतात, ते फिरताना ऑइल परत आत ढकलतात. गाडी उभी राहिली की थोडं ऑइल ठिबकतं. जमिनीवर रुपयाएवढा डाग पडतो म्हणून इंजिन उतरवायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. डाग थाळीएवढा झाला तर मात्र बघावं लागेल. दुसरी गोष्ट, ही इंजिनं शिसं असलेल्या पेट्रोलच्या काळातली. शिशामुळे व्हॉल्व्ह आणि त्याच्या बैठकीमध्ये एक पातळ थर राहायचा. देशभर शिसेविरहित पेट्रोल २००० साली आलं आणि तेव्हापासून बिडाच्या हेडमधल्या त्या बैठका हळूहळू खाली बसतात. टॅपेटमधली, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली, फट आपोआप कमी होते, व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही आणि एका सिलिंडरची ताकद जाते. त्यामुळे हेड कधीही उतरवलं तर कठीण धातूच्या नव्या बैठका बसवून घ्या, तेवढ्यासाठी पुन्हा हेड उतरवायला लागू नये. आणि टॅपेट पंधरा थाऊला (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लावायचे. 'आवाज येतो' म्हणून घट्ट करू नका. या इंजिनाचे टॅपेट थोडे बोलतातच, आणि टॅपेट बोलत असेल तर व्हॉल्व्ह जळत नाही.

८०० च्या इंजिनाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही, आणि हीच तिची थोरवी. टायमिंगचा पट्टा वेळेवर बदला. किलोमीटर कमी झाले असले तरी वयानुसार बदला, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. पट्टा तुटला की गाडी जिथे असेल तिथे थांबते, आणि ती जागा बहुधा चांदणी चौकच असते. आयडलला गाडी फार थरथरत असेल तर कार्बोरेटर खोलण्याआधी इंजिन माउंटिंग बघा. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना टकटक ऐकू आली तर ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. रबरी बूट फाटलेलं असतानाच बदललं असतं तर जॉइंट वाचला असता, हे दर वेळी सांगतो आणि दर वेळी लोक जॉइंट बदलायलाच येतात.

आता पुण्याच्या रस्त्याचं. सदाशिव पेठेत लग्नाला जायचंय आणि मुहूर्त साडेअकराचा आहे असं समजा. ८०० असेल तर तुम्ही कुमठेकर रस्त्यावरून आत वळता, दोन स्कूटरींच्या मधल्या फटीत गाडी सारता आणि अक्षता पडायच्या आत पोहोचता. अँबॅसेडर असेल तर सारसबागेपाशी गाडी लावून रिक्षा करावी लागेल. हे मी रंगवून सांगत नाही, माझ्या गिऱ्हाइकांचं रोजचं आहे. स्टिअरिंगही उभ्या गाडीत फिरवायला खांदा लागतो.

त्याहून मोठी अडचण उकाड्याची. मार्क टूचा रेडिएटरचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. गाडी सिग्नलला उभी, इंजिन सावकाश, पंखाही सावकाश, आणि काटा वर. ८०० ला विजेचा पंखा आहे, पाणी तापलं की तो आपण होऊन सुरू होतो. डायनामोचंही तसंच. आयडलला तो जवळजवळ काहीच चार्ज करत नाही. पावसाळ्यात संध्याकाळी विद्यापीठ चौकात हेडलाइट आणि वायपर चालू ठेवून तासभर अडकलात तर बॅटरी उतरते आणि पिवळे दिवे अजूनच पिवळे होतात. काकांच्या गाडीला अजून डायनामो असेल तर तो पेटीत जपून ठेवा आणि आजच्या गाड्यांत चार्जिंगला असतो तो अल्टरनेटर बसवा. मूळ रूप बिघडतं म्हणून काही मंडळी नाराज होतील, पण चालवायची गाडी रात्री दिसली पाहिजे. फक्त गाडीची विंटेज म्हणून नोंदणी करायचा विचार असेल तर हे आधी मला विचारा. त्याबद्दल पुढे सांगतो.

मे महिन्यात कात्रजच्या जुन्या घाटात अँबॅसेडर मध्येच आचके देऊन बंद पडते. बॉनेट उघडलं तर सगळं जागच्या जागी. स्पार्क आहे, टाकीत पेट्रोल आहे, तरी गाडी सुरू होत नाही. पेट्रोलचा पंप इंजिनाला चिकटलेला असतो, तो तापला की आतलं पेट्रोल वाफ होतं आणि वाफ पंपाला ओढता येत नाही. सेल्फ मारत राहिलं तर बॅटरीही जाते. अशा वेळी धोतराचा फडका पाण्यात भिजवून पंपाला आणि नळीला गुंडाळायचा, दहा मिनिटं सावलीत बसायचं, गाडी पहिल्या हाताला सुरू होते. आमचे वस्ताद डिक्कीत फडका आणि पाण्याचा डबा ठेवल्याशिवाय गाडी घाटात नेऊ देत नसत. तुमची पिढी हे करणार असेल तर माझी काही हरकत नाही, मला तर आनंदच आहे. पण ऑफिसला उशीर झालेला असताना करावं लागलं तर गाडीवरचं प्रेम लवकर आटतं.

उतारावर उलटं लक्ष ठेवायला लागतं. मार्क टूला चारही चाकांना ड्रम ब्रेक. दिवेघाट उतरताना सतत पाय ठेवलात तर ड्रम तापतात आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम त्यासाठीच. ८०० हलकी आहे आणि पुढे डिस्क आहेत, त्यामुळे थांबण्यात ती उजवी. पण हायवेला शेजारून कंटेनर गेला की ती हलते, दोन्ही हात स्टिअरिंगवर लागतात. कोल्हापूरपर्यंत चार माणसं आणि सामान घेऊन जायचं असेल तर अँबॅसेडरच्या मागच्या सीटवर जो आराम आहे तो ८०० मध्ये नाही. तिथे तुलनाच करू नये.

सुरक्षिततेबद्दल मात्र माझं स्पष्ट मत आहे. 'अँबॅसेडरचा पत्रा जाड, ती रणगाडा आहे' हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. जाड पत्रा चुरगळत नाही, आणि जो पत्रा चुरगळत नाही तो धक्का आतल्या माणसाला देतो. त्या काळातला स्टिअरिंगचा दांडा एकसंध असतो, धडकेत तो मागे छातीकडे येतो. १९७४ च्या गाडीला सीटचे पट्टेही नसतील. ८०० लाही एअरबॅग नाही, पण निदान पुढे पट्टे आहेत. दोन्ही गाड्या साठच्या आत चालवा, आणि काकांची गाडी घेतलीत तर पहिला खर्च पट्ट्यांचा करा, रंगाचा नाही. लहान मुलांना यातल्या कुठल्याही गाडीतून हायवेला नेऊ नका.

पेट्रोलबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं आणि हवेतली ओल ओढून घेतं. रोज चालणाऱ्या गाडीत टाकी रिकामी होते आणि भरते, त्यामुळे त्रास कमी. उभ्या गाडीत ते पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि आतून गंज धरतो. तुमच्या ८०० ला पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे बसवून घ्या. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि यात आग लागण्याचा धोका टळतो, म्हणून यात काटकसर नको. नळी नखाने दाबून बघा. चिकट किंवा फुगलेली लागली तर त्याच दिवशी बदला.

खर्चाचं विचारलंत म्हणून आधी ॲव्हरेज: माझ्या गिऱ्हाइकांच्या गाड्या शहरात ८०० ला पंधरा ते सतरा देतात, अँबॅसेडरला आठ-नऊ. आठवड्यातून एकदा फिरवणाऱ्याला हा फरक फार जड जात नाही. जड जातं ते दुसरं. अँबॅसेडरला खाली ठिकठिकाणी ग्रीसचे निपल आहेत आणि ग्रीसगन घेऊन ते वरचेवर भरावे लागतात, नाहीतर किंगपिन झिजतात. ब्रेक मधूनमधून ओढून घ्यावे लागतात. पॉइंट साफ करावे लागतात. ८०० तुमच्याकडून वर्षाला थोडे पैसे मागते. अँबॅसेडर दर रविवारची सकाळ मागते. तुमच्याकडे रविवारची सकाळ आहे का, हे तुम्हालाच माहीत.

सुट्या भागांचं म्हणाल तर ८०० चे चालण्याचे सगळे भाग नाना पेठेत एका फेरीत मिळतात. पण तिथेही काळ बदलतोय. डॅशबोर्डची झाकणं, मूळ दिवे, दरवाजाच्या आतली पॅनेलं, सीटचं मूळ कापड या गोष्टी दुर्मीळ होत चालल्या आहेत. लाखो गाड्या होत्या म्हणून कोणी काही जपलं नाही. कुठे ८०० भंगारात निघत असेल तर तिचे दिवे आणि बीडिंग घेऊन माळ्यावर ठेवा. अँबॅसेडरचे यांत्रिक भाग अजून मिळतात, कोलकात्याहून मागवता येतात. मार्क टूची पुढची जाळी, मूळ मीटर आणि हँडल मात्र शोधावे लागतात. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारत राहा. मला तिथे एकदा मार्क टूचं खरं इंजिन हँडल गोणपाटात गुंडाळलेलं सापडलं होतं, विकणाऱ्याला ते पहार वाटत होतं.

कागदपत्रांत लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात, म्हणून नीट वाचा. पंधरा वर्षं झाली की खासगी गाडी भंगारात काढावीच लागते, हा समज पुण्यापुरता चुकीचा आहे. गाडी तंदुरुस्त ठरली तर नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होतं. त्यासाठी फॉर्म २५, विमा, पीयूसी आणि पर्यावरण कर लागतो. वीस वर्षांवरच्या चारचाकीचं नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झालंय. नवी सुरक्षा नंबरप्लेटही लागते. पीयूसीला घाबरू नका. तुमच्या काळातल्या कार्बोरेटर गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा तीन टक्के आहे, एअर फिल्टर आणि कार्बोरेटर स्वच्छ असेल तर ८०० सहज बसते.

काकांच्या गाडीचं आरसी पुस्तक कुठे आहे ते आजच विचारा. काका आहेत तोवर फॉर्म २९ आणि ३० वर त्यांची सही होते आणि गाडी तुमच्या नावावर येते. उद्या वारसांचा प्रश्न आला तर फॉर्म ३१, प्रत्येकाची संमती आणि बरीच धावपळ. त्यांची तब्येत चांगली असतानाच हे उरका, असं त्यांनाही मोकळेपणानं सांगा.

विंटेज नोंदणीचं असं आहे. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात असलेली आणि मोठे फेरफार न झालेली गाडी विंटेज ठरते. १९७४ ची गाडी वयात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं आणि नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण ती गाडी नंतर नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढंच. तुम्हाला वडिलांना घेऊन रविवारी नारायणपूरला जायचं असेल तर ही नोंदणी तुमच्या कामाची नाही, साधं नूतनीकरण करा. आणि ही नोंदणी हवी असेल तर अल्टरनेटर वगैरे बदल करण्याआधी थांबा, म्हणून मघाशी तसं म्हटलं.

आता सासवडला गेल्यावर काय करायचं ते सांगतो, कारण सहा वर्षं बंद असलेल्या गाडीचं इंजिन लोक पहिल्या दहा मिनिटांत मारतात. घाईने बॅटरी लावून सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये गंजाचा पापुद्रा असतो, रिंगा त्यावर घासून तुटतात. आधी चारही प्लग काढा. प्रत्येक भोकात दोन चमचे साधं इंजिन ऑइल सोडा आणि तीन दिवस तसंच ठेवा. भोकं फडक्याने झाका, उंदीर आणि कुंभारमाशी दोन्ही तिथे घर करतात. टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा, त्याला व्हार्निशसारखा वास येत असेल तर टाकी उतरवून धुवावी लागेल. चौथ्या दिवशी गाडी न्यूट्रलला टाकून पुढून हँडल लावा. अंगठा हँडलच्या भोवती गुंडाळू नका, बोटांच्याच बाजूला ठेवा. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो, ही शिस्त आत्ताच अंगी बाणवा. एका हाताने, खालून वर, सावकाश ओढा. हँडल जड पण सलग फिरलं तर इंजिन जिवंत आहे. अर्ध्यात अडकलं तर जोर लावू नका, पुन्हा ऑइल सोडा आणि आठवडाभर थांबा.

फिरलं तर उंबऱ्यांचे आणि टॉर्शन बारच्या बैठकीचे फोटो काढून मला दाखवा. तोपर्यंत काकांना भंगारवाल्याला थांबवायला सांगा, आणि येताना गाडी शेडमध्येच चार विटांवर उचलून ठेवा, म्हणजे टायर आणि पाटे भार सोडतील.